मनगटावरून मोजलेली झोप

अंथरुणात निश्चल पडून छताकडे बघणारा माणूस आणि गाढ झोपलेला माणूस, या दोघांतला फरक मनगटाला कळत नाही. या पुस्तकातली निम्मी प्रकरणं या एका अडचणीतून निघाली आहेत. उरलेली निम्मी, संख्याशास्त्राने त्या अडचणीवर काढलेल्या तोडग्यांविषयी आणि ते तोडगे कुठे तोकडे पडतात त्याविषयी आहेत.

झोप मोजणारे पट्टे आणि घड्याळं आता नवलाईची राहिलेली नाहीत. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या गप्पांत साखर आणि रक्तदाब यांच्या जोडीला झोपेचाही आकडा निघतो. कुणाचा ८२, कुणाचा ७१. ज्याचा ७१ येतो तो जरा हिरमुसतो, मग रात्री झोप छान लागलेली का असेना. साखरेचा आणि झोपेचा आकडा एकाच सुरात सांगितले जातात, पण त्यांची जात वेगळी आहे. साखर रक्ताच्या नमुन्यात मोजलेली असते. झोपेचा आकडा मनगटाच्या हालचालीवरून आणि नाडीवरून बांधलेला अंदाज असतो, आणि बऱ्याचदा त्या अंदाजावर रचलेला आणखी एक अंदाज. अंदाज म्हणजे थाप नव्हे. हवामानखातं अंदाजच सांगतं आणि शेतकऱ्याला तो लागतोच. फक्त अंदाजाची चूक किती, कोणत्या बाजूला आणि कुणाच्या बाबतीत जास्त, हे माहीत असावं लागतं. झोपेच्या आकड्याची चूक ज्यांची झोप वाईट आहे त्यांच्याच वाट्याला सर्वांत जास्त येते. मला या पुस्तकात मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, आणि ते सांगायला बरीच पानं लागली.

आधी 'खरी' झोप कशी ठरते ते पाहू. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनिअल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की झोपेत ठरावीक काळाने बुबुळं पापण्यांआड भराभर हलू लागतात. हीच आज 'रेम' नावाने ओळखली जाणारी झोप. ॲसेरिन्स्कींनी या कामात स्वतःच्या मुलालाच रात्ररात्र यंत्राला जोडून झोपवलं होतं. पुढे १९६८ मध्ये ॲलन रेक्टशाफेन आणि अँथनी केल्स यांच्या संपादनाखाली झोपेच्या अवस्था ठरवण्याची नियमपुस्तिका निघाली. रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक अवस्था द्यायची, ही पद्धत तिने रूढ केली. तीसच सेकंद का? लहरी कागदावर उमटत तेव्हा कागद सेकंदाला एक सेंटिमीटर सरके आणि पान तीस सेंटिमीटरचं असे. पान गेलं, संगणक आला, २००७ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने नवी नियमपुस्तिका काढली, पण तीस सेकंद तसेच राहिले. कागदाच्या मापाने विज्ञानाचं एकक ठरलं, ही गोष्ट मला अजून गमतीची वाटते.

डोक्याला, डोळ्यांपाशी, हनुवटीला आणि पायाला तारा लावून, श्वास आणि रक्तातला प्राणवायू मोजत रात्रभर चालणाऱ्या या तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. मनगटी यंत्राची परीक्षा घ्यायची ती हिच्यापुढे. पण ही कसोटीही बावनकशी नाही. लहरी वाचून अवस्था ठरवतो तो प्रशिक्षित माणूस, आणि माणसामाणसांत मतभेद होतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अडीच हजारांहून अधिक तंत्रज्ञांनी तेच तुकडे तपासले, तेव्हा त्यांच्यातली सहमती सुमारे ८३ टक्के निघाली. झोप नुकती लागण्याची जी पहिली, उथळ अवस्था असते तिच्याबाबत तर ती ६३ टक्क्यांवर आली. म्हणून एखादं घड्याळ प्रयोगशाळेशी ९५ टक्के जुळतं अशी जाहिरात दिसली, तर पहिला प्रश्न विचारावा, की प्रयोगशाळा स्वतःशी किती जुळते?

आता मनगटाकडे येऊ. घड्याळात ॲक्सलरोमीटर नावाचा एक इवलासा भाग असतो. तो तीन दिशांतला वेग कसा बदलतोय ते सेकंदाला कित्येक वेळा नोंदवतो. जुन्या संशोधन-यंत्रांत या नोंदींचा मिनिटागणिक एकच आकडा केला जाई. त्याला आपण 'हालचाल-गणती' म्हणू. या गणतीवरून त्या मिनिटाला माणूस झोपला होता की जागा, हे ठरवायचं. रॉजर कोल, डॅनियल क्रिप्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्यासाठी दिलेलं सूत्र आजही संशोधनात सर्रास वापरलं जातं. ते इतकं साधं आहे की वहीत करता येतं.

चालू मिनिट, त्याच्या आधीची चार आणि नंतरची दोन अशी सात मिनिटं घ्यायची. त्यांच्या गणतींना क्रमाने १०६, ५४, ५८, ७६, २३०, ७४ आणि ६७ या वजनांनी गुणायचं, बेरीज करायची आणि हजाराने भागायचं. उत्तर एकापेक्षा कमी आलं तर झोप, नाहीतर जाग. समजा, आजूबाजूची सहाही मिनिटं अगदी शांत आहेत आणि चालू मिनिटात गणती ४ आली. २३० गुणिले ४ म्हणजे ९२०, हजाराने भागल्यावर ०.९२, म्हणून झोप. तीच गणती ५ आली तर १.१५, म्हणून जाग. चार आणि पाच यांच्यामध्ये कुठेतरी ती रेघ आहे. आता दुसरं उदाहरण घ्या. चालू मिनिटात हालचाल शून्य, पण आधीच्या मिनिटात कूस बदलताना १५ गणती झाली. ७६ गुणिले १५, हजाराने भागल्यावर १.१४. माणूस तसूभर हलला नाही, तरी सूत्र त्याला जागा ठरवतं. हा दोष मुळीच नाही, शहाणपण आहे, कारण नुकती कूस बदललेला माणूस बहुधा अजून अर्धवट जागाच असतो. पण ही वजनं आकाशातून पडलेली नाहीत. ४१ माणसांच्या नोंदींवरून ती काढली आणि पारखली गेली, आणि प्रयोगशाळेशी त्यांचा मेळ सुमारे ८८ टक्के बसला.

हे ८८ टक्के, किंवा असाच कुठलाही टक्का, आपल्याला फसवतो. कसा ते पाहण्यासाठी चांगली झोप लागणाऱ्या एका बाईंची रात्र घेऊ. अंथरुणात ४८० मिनिटं, त्यांतली ४३२ झोपेची आणि ४८ जागेपणाची. आता त्यांच्या मनगटावर घड्याळाऐवजी एक रिकामा डबा बांधा, जो दर मिनिटाला 'झोप' एवढंच छापतो. त्याची अचूकता किती? ९० टक्के. डब्यात ना बॅटरी, ना सूत्र, ना अक्कल. पारडं मुळातच एकीकडे झुकलेलं असलं की अचूकतेचा टक्का निरर्थक होतो. म्हणून झोप ओळखण्याची ताकद आणि जाग ओळखण्याची ताकद वेगवेगळी विचारावी लागते. २०१३ साली ७७ जणांवर झालेल्या एका अभ्यासात मनगटी यंत्राने झोपेच्या तुकड्यांपैकी ९७ टक्के बरोबर ओळखले आणि जागेपणाच्या तुकड्यांपैकी फक्त ३३ टक्के. तीन जाग्या क्षणांतले दोन यंत्राने झोपेत जमा केले.

हेच आकडे आपल्या बाईंना लावू. ४३२ पैकी ९७ टक्के म्हणजे ४१९ मिनिटं झोप म्हणून नोंदली जातील. ४८ जाग्या मिनिटांपैकी ३२ चुकून झोपेतच जातील. एकूण ४५१. खरी झोप ७ तास १२ मिनिटं, घड्याळाची ७ तास ३१. एकोणीस मिनिटांचं कौतुक कोण करत बसतो? आता त्यांच्या शेजारी रात्रभर तळमळणाऱ्या गृहस्थांना आणा. त्यांचीही ४८० मिनिटं अंथरुणात, पण झोप ३०० आणि जाग १८०. ३०० पैकी २९१, १८० पैकी सुमारे १२१, बेरीज ४१२. खरी झोप ५ तास, घड्याळ सांगतं जवळजवळ ७. दोघांच्या झोपेत प्रत्यक्षात २ तास १२ मिनिटांचं अंतर आहे आणि घड्याळाच्या हिशेबात ते सुमारे ४० मिनिटांवर येतं. हे आकडे माणसागणिक, यंत्रागणिक बदलतील. मी घेतलेली दोन माणसं काल्पनिक आहेत आणि ओळखण्याची ताकद दोघांना सारखीच धरणं हीदेखील सोयीसाठी घेतलेली मोकळीक आहे. पण चुकीची दिशा बदलत नाही. तळमळणारा माणूस सकाळी तक्रार करतो आणि घरचे त्याच्याच घड्याळाकडे बोट दाखवून म्हणतात, अहो, सात तास झोपलात की!

तुलनेच्या पद्धतीविषयी थोडक्यात. दोन यंत्रांचे आकडे एकत्र चढतात-उतरतात, म्हणजे त्यांचा सहसंबंध चांगला आहे, एवढ्यावर 'दोन्ही सारखीच' म्हणता येत नाही. रोज बरोबर तासभर जास्त सांगणाऱ्या घड्याळाचा सहसंबंध एक येईल. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सुचवलं, की दोन मापांतला फरक काढा, त्याची सरासरी पाहा, आणि बहुतेक फरक कोणत्या दोन मर्यादांत पडतात ते सांगा. दुसऱ्या प्रकरणात ही पद्धत सावकाश मांडली आहे. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनीही तेवढं प्रकरण सोडू नये.

अलीकडच्या घड्याळांत हालचालीच्या जोडीला पाठीमागे हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून नाडी मोजता येते. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर झोपेच्या वेगवेगळ्या अवस्थांत वेगवेगळ्या तऱ्हेने बदलतं, आणि त्यावरून 'गाढ', 'हलकी', 'रेम' अशी वाटणी केली जाते. निव्वळ हालचालीपेक्षा हे नक्कीच बरं आहे. पण मेंदूच्या लहरींवरून ठरवलेल्या अवस्था हृदयाच्या ठोक्यांवरून ओळखायच्या म्हणजे एका खोलीतली चर्चा शेजारच्या खोलीतून ऐकण्यासारखं आहे. सूर कळतो, शब्द निसटतात. झोपेचे एकूण तास सांगण्यात घड्याळं जेवढी भरवशाची आहेत तेवढी अवस्थांची मिनिटं सांगण्यात नाहीत. आणि सगळ्यांचं मिश्रण करून निघणारा तो शंभरपैकी 'स्कोअर' कोणत्या वजनांनी काढला हे कंपन्या सहसा पूर्ण सांगत नाहीत. कोल-क्रिप्केची सात वजनं मी वर लिहू शकलो. 'स्कोअर'ची लिहू शकत नाही. शिवाय कंपनीने मध्येच सूत्र बदललं की तुमच्या आलेखात एक पायरी येते आणि तुम्ही विचार करत बसता, मार्चपासून माझी झोप सुधारली ती कशाने?

मग घड्याळ काढून ठेवावं आणि माणसालाच विचारावं का? तेही करून झालं आहे. १९८९ पासून वापरात असलेली पिट्सबर्गची झोप-प्रश्नावली ० ते २१ गुण देते आणि पाचाच्या वर गुण गेले की झोप निकृष्ट मानते. पण तासांच्या बाबतीत माणसाची आठवण बेभरवशाची असते. अमेरिकेत ६६९ जणांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्राने मोजलेली झोप सरासरी ६ तास होती, आणि लोकांनी सांगितलेली ६.८. ५ तास झोपणारे स्वतःची झोप १.२ तासांनी वाढवून सांगत होते, ७ तास झोपणारे फक्त ०.४ तासांनी. इथेही कमी झोपणाऱ्यांच्याच हिशेबात मोठा घोळ. आणि हे विसरू नये, की या अभ्यासात खरी म्हणून धरलेली झोपही मनगटी यंत्रानेच मोजलेली होती. याउलट, निद्रानाशाचे रुग्ण बऱ्याचदा आपली झोप प्रत्यक्षाहून कमी सांगतात. एकूण काय, साक्षीदार दोन, आणि दोघेही आपापल्या परीने पक्षपाती. मी दोघांचीही साक्ष घेण्याच्या बाजूचा आहे. रोज सकाळी चार ओळींची झोपेची नोंद लिहिणारा माणूस आपल्या घड्याळाला ताळ्यावर ठेवतो.

भारतातल्या ज्या एका अभ्यासाकडे मी वाचकांना आग्रहाने नेणार आहे तो चेन्नईचा. पाच अर्थतज्ज्ञांनी केलेला हा प्रयोग २०२१ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आला. शहरातल्या कमी उत्पन्नाच्या ४५२ प्रौढांना संगणकावर माहिती भरण्याचं काम दिलं, मनगटावर यंत्र बांधलं, आणि ते घरी कसे झोपतात ते पाहिलं. अंथरुणात ८ तास आणि झोप साडेपाच. म्हणजे पडून राहण्याच्या वेळापैकी जेमतेम ७० टक्के वेळ झोपेत. श्रीमंत देशांत निद्रानाशाच्या रुग्णांत अशी रात्र आढळते. इथे ती साध्यासुध्या कष्टकरी माणसांची रोजची होती. कारणं शोधायला लांब जायला नको: उकाडा, डास, रस्त्याचा आवाज, एका खोलीत सगळं घर.

मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना झोपेविषयी सल्ला आणि घरी झोपण्याची साधनं दिली: पंखा, डोळ्यांवरची पट्टी, कानांतले बोळे, गादी, उशी. काहींना झोप वाढवण्यासाठी पैसेही दिले. झोप रात्री सरासरी २७ मिनिटांनी वाढली. जाणकारांना आधी विचारलं होतं तेव्हा त्यांनी याचा कामावर चांगलाच परिणाम होईल असं भाकीत केलं होतं. परिणाम दिसला नाही. काम वाढलं नाही, कमाई वाढली नाही, तब्येतीत किंवा मनःस्थितीत ठळक फरक नाही. दुसरीकडे, दुपारी कामाच्या जागी अर्ध्या तासाची डुलकी घेऊ दिलेल्यांचं मन प्रसन्न झालं, लक्ष सुधारलं आणि कामाचा वेगही वाढला. नुसतं बसून विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा त्यांची कमाई जास्त झाली, मात्र त्या अर्ध्या तासात काम करत राहिलेल्यांपेक्षा कमी. दुपारच्या वामकुक्षीवरून आयुष्यभर टोमणे खाल्लेल्या मंडळींनी हे प्रकरण पाठ करून ठेवावं. कमाईचं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं तरी चालेल.

मला या अभ्यासात रस आहे तो आणखी एका हिशेबासाठी. अंथरुणातला वेळ वाढला ३८ मिनिटांनी, झोप वाढली २७ मिनिटांनी. ३८ चे ७० टक्के करा, जवळजवळ २७ येतात. म्हणजे लोक जास्त वेळ पडून राहिले आणि आधीच्याच तुटक्या दराने झोपले. साधनं मिळाली, पण झोपेचा पोत सुधारला नाही. जास्त झोप आणि चांगली झोप या दोन वेगळ्या गोष्टी असतील, तर निकालाचा अर्थही बदलतो. झोप निरुपयोगी ठरली असं म्हणण्याऐवजी, फाटक्या झोपेला आणखी अर्धा तास जोडून फारसं काही हाती लागलं नाही असं म्हणावं लागेल. यंत्राच्या चुकीचं काय? ते झोप वाढवून सांगतं, तेव्हा खरे तास साडेपाचाहूनही कमी असू शकतात. उलट, दाटीवाटीने झोपलेल्या घरात शेजारच्याचा हात लागून मनगट हलतं आणि झोप जागेपणात जमा होते. दोन्ही गटांत ही चूक सारखीच असेल तर वजाबाकीत ती उडून जाते. गट चिठ्ठ्यांनी पाडण्याचा हा मोठा फायदा. पण कानांत बोळे घातलेला माणूस जागा असूनही अधिक स्वस्थ पडून राहत असेल, तर चूक सारखी राहणार नाही. सहाव्या प्रकरणात या 'तर'ची पडताळणी कशी करायची ते आहे.

एका माणसाच्या अनेक रात्रींचं गणित हा पुस्तकाचा मधला, आणि माझ्या मते सर्वांत रसाळ भाग आहे. इथे एका मराठी संख्याशास्त्रज्ञाची आठवण काढायलाच हवी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते, आणि निवृत्तीनंतर पुण्यात काम करत राहिले. त्यांचा विषय आहार. ते सांगत, की एकाच माणसाची ऊर्जेची गरज आणि खर्च रोज बदलतो, आणि आजचा आकडा कालच्या आकड्याशी बांधलेला असतो. म्हणून एका दिवसाच्या आहारावरून कुणाला कुपोषित ठरवणं चूक आहे. त्यांनी यातून भुकेल्यांच्या संख्येविषयी जे निष्कर्ष काढले त्यांवर कडाक्याचे वाद झाले, आणि ते वाद अवाजवी नव्हते. पण माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसाच्या दिवसादिवसांतला फरक वेगळे काढण्याचा त्यांचा आग्रह झोपेला जसाच्या तसा लागू पडतो.

झोपेच्या रात्री एकमेकींशी बांधलेल्या असतात. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या आणि अजून टिकून असलेल्या कल्पनेनुसार जागेपणी झोपेचा दाब साचत जातो आणि शरीराचं दैनंदिन चक्र त्याच्या जोडीने चालतं. एक रात्र कमी पडली की पुढची जड येते. शनिवार-रविवार वेगळे असतात. त्यामुळे तीस रात्रींच्या नोंदी म्हणजे तीस स्वतंत्र साक्षी नव्हेत, आणि त्यांना तसं समजून काढलेली चुकीची मर्यादा उगाच लहान दिसते. मुलांवरच्या १९९९ च्या एका अभ्यासाने भरवशाच्या मापासाठी किमान पाच चांगल्या रात्री हव्यात असं सांगितलं होतं. ज्याच्या तीनच रात्री हाती आहेत त्याला सोडून न देता, त्याचा अंदाज गटाच्या सरासरीकडे थोडा ओढून घेण्याची पद्धत चौथ्या प्रकरणात आहे.

काही खाचखळगे अगदी साधे असतात आणि तिथेच पाय मुरगळतो. एक रात्री साडेअकराला झोपलात, दुसऱ्या रात्री साडेबाराला. झोपण्याची सरासरी वेळ किती? संगणकाला २३.५ आणि ०.५ देऊन पाहा, तो शांतपणे दुपारचे बारा सांगेल. घड्याळाची तबकडी गोल आहे आणि साधी सरासरी सरळ रेषेवर चालते. म्हणून झोपेच्या अभ्यासात दिवस दुपारी बारा ते दुपारी बारा असा धरतात किंवा गोलाकार मापांचं खास गणित वापरतात. पहिला उपाय रात्रपाळीच्या कामगाराला निरुपयोगी आहे, कारण त्याची झोप ऐन बारा वाजता दोन दिवसांत चिरली जाते. दुसरा खळगा गहाळ रात्रींचा. घड्याळ चार्जिंगला राहिलं, लग्नघरी काढून ठेवलं, विसर्जनाच्या रात्री हातात नव्हतं. वगळल्या जातात त्या रात्री नेमक्या वेगळ्या असतात, आणि उरलेल्या रात्रींची सरासरी आपल्याला प्रत्यक्षाहून नेमस्त ठरवते. तिसरा, प्रवासाचा. रातराणी एसटीत मनगटाला जे धक्के बसतात ते झोपणाऱ्याचे की रस्त्याचे, हे सूत्राने कसं ओळखायचं?

मोठ्या प्रमाणावरचं काम पाहायचं तर ब्रिटनमधल्या यूके बायोबँक या आरोग्य-अभ्यासाकडे जावं लागतं. २०१३ ते २०१५ या काळात तिथे एक लाखाहून अधिक लोकांनी आठवडाभर मनगटावर यंत्र बांधलं. सेकंदाला शंभर नोंदी, म्हणजे एका माणसाच्या आठवडाभरात प्रत्येक दिशेच्या सहा कोटी. इथे मिनिटाची गणती करण्याऐवजी मनगटाचा कल पाहण्याची पद्धतही वापरली जाते. पाच मिनिटं मनगट पाच अंशांपेक्षा जास्त वळलं नाही तर झोप धरायची. या नोंदींवरच्या साठ हजारांहून अधिक लोकांच्या एका विश्लेषणात, मृत्यूच्या धोक्याचा अंदाज झोपेच्या तासांपेक्षा झोपेच्या नियमितपणावरून अधिक चांगला आला. म्हणजे आजच्या या घटकेला तुम्ही झोपेत असाल तर उद्याच्या याच घटकेलाही झोपेत असण्याची शक्यता किती, यावरून. रोज ठरल्या वेळी झोपावं हे आजीचं म्हणणं खरं ठरलं असं म्हणण्याचा मोह इथे होतो. पण आजारी माणसाची झोप आजारामुळेच विस्कळीत होते, तेव्हा कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे अशा अभ्यासात सहजी सुटत नाही. तरी एक गोष्ट संख्याशास्त्राच्या बाजूने महत्त्वाची आहे. सरासरी तासांपेक्षा चढउतारात जास्त माहिती असू शकते, आणि आपण सहसा सरासरी ठेवून चढउतार फेकून देतो.

शेवटचा भाग स्वतःवर प्रयोग करणाऱ्यांसाठी आहे, कारण घड्याळ घेतलेला प्रत्येक जण कळत नकळत तेच करत असतो. तीन-चार रात्री वाईट गेल्या की माणूस जायफळ घातलेलं दूध घ्यायला लागतो. पुढच्या रात्री बऱ्या जातात. जायफळाचा जयजयकार होतो. पण उपाय सुरू केला तो आलेखाच्या तळाशी असताना, आणि तिथून पुढे बहुतेक आलेख आपोआपच सरासरीकडे वर येतात. जायफळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. रोज संध्याकाळी नाणं उडवा, छापा पडला तर जायफळ, काटा पडला तर साधं दूध, आणि पुरेशा रात्री झाल्यावर दोन ढिगांची तुलना करा. जायफळाबरोबर चहा, मोबाइल, रात्रीचा भात, पायाला तेल अशा वीस गोष्टी एकदम तपासल्या, तर शंभरात पाच चुकांची नेहमीची मोकळीक धरूनही एखादी निव्वळ योगायोगाने 'लागू' पडलेली दिसेल. आणि काय घेतलं हे आपल्याला माहीत असतं तोवर मनाचा भाग वगळता येत नाही. कोलोरॅडोतल्या २०१४ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना त्यांच्या रेम झोपेचे बनावट टक्के सांगितले. झोप चांगली झाली असं ज्यांना सांगितलं त्यांनी बौद्धिक चाचण्यांत चांगली कामगिरी केली, वाईट सांगितलेल्यांची कमी भरली. प्रत्यक्षात ते कसे झोपले होते याला महत्त्व उरलं नाही. २०१७ मध्ये अमेरिकी वैद्यकांनी अशा रुग्णांच्या हकिगती मांडल्या, जे घड्याळाचा आकडा सुधारण्याच्या काळजीनेच झोप घालवून बसले होते. प्रयोगशाळेची तपासणी नीट निघाली तरी त्यांचा विश्वास घड्याळावरच.

पुस्तक कसं वाचावं याविषयी दोन शब्द. डॉक्टर आणि परिचारिकांनी पहिला भाग आणि सहावं प्रकरण वाचलं तरी पुरेल. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिसऱ्या प्रकरणापासून क्रमाने जावं. गणितं 'आर' या मोफत संगणकभाषेत दिली आहेत, पण पहिली तीन प्रकरणं वही-पेन्सिलीने होतात आणि तशीच करावीत असं मी सुचवेन. घड्याळवाल्या सर्वसामान्य वाचकाने कुठूनही सुरुवात करावी, मात्र रोजचा आकडा न बघता पंधरवड्याचा आलेख बघण्याची सवय आधी लावून घ्यावी.

एका गोष्टीसाठी हे पुस्तक अजिबात वापरू नये. जे मोठ्याने घोरतात, झोपेत ज्यांचा श्वास अडकतो असं घरच्यांच्या लक्षात आलं आहे, किंवा जे दिवसा गाडी चालवताना पेंगतात, त्यांची झोप रात्रीत शेकडो वेळा क्षणभर मोडत असू शकते आणि मनगट त्यांतल्या फारच थोड्या वेळा पकडतं. त्यांच्या घड्याळाने ८८ दाखवले तरी ते बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा, तपासणी करून घ्यावी. पुस्तक नंतर वाचता येईल.